चौथं वचन खाऊ नका : घरात कुणी शेवटच्या प्रवासाला निघालं असेल तर काय करायचं

आईला घरी आणून चार दिवस झाले होते. पोटाचा कॅन्सर, डॉक्टरांनी "आता घरीच न्या, आवडेल ते खाऊ द्या" असं सांगितलेलं, आणि हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना त्याचा अर्थ कळतो. आई स्वतः नगर जिल्ह्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात तीसेक वर्षं नर्स होती, तिला तर आमच्याही आधी कळलं. रात्री तिला झोप येईना म्हणून मी बायबलमधलं स्तोत्र २३ वाचायला घेतलं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही", मग हिरवी कुरणं, मग संथ पाणी, आणि तिथून मी हळूच उडी मारली थेट ताट वाढण्याच्या वचनावर. मधलं ते मृत्यूच्छायेच्या दरीचं वाचायची माझी हिंमतच झाली नाही. आई डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपली. तर म्हणते कशी, "चौथं वचन खाल्लंस का गं?"

मग मला ते वाचावंच लागलं. वाचून झाल्यावर तिने मला एक गोष्ट दाखवली जी मी चाळीस वर्षं हे स्तोत्र पाठ म्हणूनही कधी बघितली नव्हती. पहिल्या तीन वचनांत देवाबद्दल बोलणं चाललंय, "तो मला नेतो", "तो माझा जीव ताजातवाना करतो". दरी आली की लगेच "तू माझ्याबरोबर आहेस". दरीच्या अलीकडे देव तो, दरीत शिरल्यावर तू. "हेच गाळलंस तर राहिलं काय," असं म्हणून तिने कूस बदलली.

त्यानंतर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आजारी माणसांना भेटायला मी बऱ्याच घरी जाते, आणि जवळजवळ प्रत्येक घरात हे चौथं वचन कुणीतरी खात असतं. मरणाचं नाव काढायचं नाही, सगळे हसतमुख, आणि पलंगावरचं माणूस मात्र एकटं पडलेलं. म्हणून हे सगळं लिहून काढतेय. मी पाळक नाही की डॉक्टर नाही, जे बघितलं, जे चुकलं आणि जे कामाला आलं तेवढंच सांगते. आम्ही सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे, त्यामुळे शब्द आमचे येतील, कॅथलिक वाचकांनी आपले शब्द घालून घ्यावेत.

आधी डॉक्टर, मग बायबल

हा क्रम बघून काही लोक नाराज होतील, पण ज्याला दुखतंय त्याला आशेबद्दल काही ऐकूच येत नाही. आईच्या पहिल्या तीन-चार रात्री आम्ही वाया घालवल्या, कारण गोळी "अगदी सहन होईना तेव्हाच" द्यायची असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलेलं, सवय लागेल म्हणून. मरणाच्या दारातल्या माणसाला कसली सवय लागणार, पण त्या वेळी हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या माणसांना दुखणं कमी करून सांभाळणारी जागा, अशी जी गोष्ट आज जगभर आहे तिची सुरुवात सिसिली सॉण्डर्स नावाच्या एका श्रद्धावान ख्रिस्ती बाईने केली. आधी नर्स, मग सोशल वर्कर, मग या कामासाठी म्हणून डॉक्टर झाली, आणि १९६७ साली लंडनमध्ये तिने सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. ख्रिस्तोफर म्हणजे प्रवाशांचा संत, नाव काय उगाच नाही ठेवलेलं. तिचं म्हणणं साधं होतं, दुखणं परत यायची वाट बघू नका, मॉर्फिन घड्याळ लावून द्या, म्हणजे माणूस दुखण्याची वाट बघत पडून राहणार नाही. आणि दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, घरच्यांचं, पैशांचं, देवाशी चाललेल्या भांडणाचं पण असतं, ते सगळं मिळून एकच दुखणं असतं. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, भारतातलं पहिलं हॉस्पिस, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारे उपचार. तिथे जायला जमत नसेल तरी आपल्या डॉक्टरला "पॅलिएटिव्ह केअर" हा शब्द वापरून सरळ विचारा, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आपल्या भागात कुठे मिळतं ते विचारा (२०१४ साली कायदा बदलून ते मिळणं थोडं सोपं केलंय), आणि त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध मागायला विसरू नका, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच आणि मग त्याचंच वेगळं दुखणं.

दुखण्यावर गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी, असं कुणी म्हणालं तर त्याला बायबलमधलं १ तीमथ्य हे पत्र काढून द्या. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता.

"विश्वास कमी पडतोय" म्हणणारी पाहुणेमंडळी

ही येणारच. आमच्याकडे एक भाऊ आले, नाव कशाला घेऊ, प्रार्थना मोठ्याने करतात म्हणून प्रसिद्ध. आईच्या डोक्यावर हात ठेवून अर्धा तास आजाराला आज्ञा देत होते, जाताना चपला घालता घालता मला म्हणाले, घरात कुठेतरी अविश्वास आहे बघा. आईने ऐकलं. दोन दिवस ती गप्प होती. मग मला विचारलं, "माझं काही चुकलं असेल का गं?" सत्तरीतली बाई, हजारो लोकांची सेवा केलेली, आणि शेवटच्या आठवड्यात तिला हा हिशोब करायला लावला. मला अजून राग आहे, खोटं कशाला सांगू.

तर अशा वेळी काय करायचं. एक, दाराशी कुणीतरी कडक माणूस बसवा, आमच्याकडे मामा होते. "आई झोपलीय, बाहेर बसून प्रार्थना करू या" एवढं म्हणायचं, कुणाचा अपमान होत नाही. दोन, पलंगावरच्या माणसाला लगेच, त्याच दिवशी, उलट बाजू वाचून दाखवा. पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, उत्तर आलं "माझी कृपा तुला पुरे आहे" अशा अर्थाचं. त्याच पौलाने आपल्या सोबतीच्या त्रफिमाला मिलेत नावाच्या गावात आजारी सोडलं, २ तीमथ्याच्या शेवटी एका ओळीत आहे ते, ज्याच्या हातरुमालांनी लोक बरे व्हायचे त्याच्या सोबतीचा माणूस आजारीच राहिला आणि पौलाने ते लपवलं पण नाही. आणि मेलेल्या लाजराला येशूने उठवलं खरं, पण तोही पुढे कधीतरी मेलाच की. बरं होणं ही तात्पुरती गोष्ट आहे, झालं तर आनंदच, पण ख्रिस्ती माणसाची आशा त्याच्यावर टांगलेली नसते. ती पुनरुत्थानावर असते. या दोन आशांची गल्लत झाली की माणूस मरताना नापास झाल्यासारखा मरतो.

बरं होण्यासाठी प्रार्थना करू नका असं मी म्हणत नाहीये हं. आम्ही पण केली. फक्त तीच एक प्रार्थना करत राहू नका.

काय वाचायचं

कमी वाचा. हे पहिलं. शेवटच्या दिवसांत माणसाला दोन-चार वचनांच्या वर झेपत नाही, आणि आपण हौसेने अख्खा अध्याय वाचत सुटतो. जे त्याला पाठ आहे तेच वाचा, नवीन काही शिकवायला जाऊ नका. जुनं भाषांतर ज्यावर तो माणूस वाढला तेच घ्या, मोबाईलमधलं सोपं मराठी कितीही कळायला चांगलं असलं तरी ओठ जुन्याच शब्दांवर हलतात. "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" यातली आकडी म्हणजे लहानपणी मला फीट वाटायची, आकडी येते ती, आणि फीटने धीर कसा येतो हे कळायचं नाही. मग एकदा आमच्या शेताच्या बांधावर धनगर मेंढ्या घेऊन बसलेला असताना आईने दाखवलं, लांब काठीला वर वाकडा लोखंडी आकडा, बाभळीची फांदी ओढून पाला पाडायला. ती ही आकडी. उंच असलेलं खाली ओढून मेंढरांच्या तोंडाशी आणायचं. आजारपणात ती मला म्हणाली होती, "आता मला वर हात जात नाही, त्यानेच फांदी ओढायला पाहिजे."

स्तोत्र २३ झालं, योहान १४ ची सुरुवात ("माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत"), योहान ११ मधलं "पुनरुत्थान व जीवन मीच आहे", रोमकरांस ८ चा शेवट, प्रकटीकरण २१ मधलं डोळ्यांचे अश्रू पुसण्याचं. एवढं पुरतं. पण याच्यासोबत एक वाईट स्तोत्र पण हाताशी ठेवा असं मी मुद्दाम सांगेन. स्तोत्र ८८. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. ज्या रात्री पेशंट म्हणतो "देव ऐकत नाही", त्या रात्री समजूत घालत बसू नका, हे वाचा. आपल्याआधी कुणीतरी हे देवाच्या तोंडावर म्हणून गेलंय एवढं कळलं तरी माणूस मोकळा होतो. येशूने पण क्रुसावर "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे स्तोत्र २२ मधलंच म्हटलं, आणि शेवटचं "मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो" हे स्तोत्र ३१ मधलं. देवाचा पुत्र, पण मरताना नवीन शब्द शोधत बसला नाही, पाठ असलेलेच वापरले. आपल्यालाही तेवढंच करायचंय.

गाणी वाचनापेक्षा चांगली. हळू आवाजात, पेटी-तबला नको. मराठी मंडळ्यांतली जुनी भजनं ज्यांना येतात त्यांनी पलंगाजवळ बसून गुणगुणायची, स्पीकरवर यूट्यूब लावून नाही, मधेच जाहिरात लागते आणि सगळा विचका होतो, अनुभव आहे.

अंग पुसणं आणि लाज

याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. आई मरणाला घाबरत नव्हती, ती घाबरत होती लेकीला आपलं गू-मूत काढावं लागेल याला. जिने आयुष्यभर दुसऱ्यांचे बेडपॅन उचलले तिला स्वतःसाठी ते चालेना. पहिल्या दिवशी रडली. मी चिडले, "तू लोकांचं केलंस तेव्हा?" वगैरे, त्याचा काही उपयोग झाला नाही.

उपयोग झाला योहान १३ चा, तोही चुकून. पाळकसाहेब आले होते, त्यांनी येशू शिष्यांचे पाय धुतो तो भाग वाचला. शिष्य पेत्र म्हणतो माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, आणि येशू म्हणतो मी धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. हा भाग आपण कायम धुणाऱ्याच्या बाजूने ऐकतो, सेवा करा, नम्र व्हा. आईने त्या दिवशी पेत्राच्या बाजूने ऐकला. संध्याकाळी मी कोमट पाण्याची बादली आणली तर स्वतःच म्हणाली, "ये बाई, पेत्र हरला."

म्हणून सेवा करणाऱ्याने धुवायला शिकायचं, ते तर आहेच, पण आजारी माणसालाही धुवून घ्यायला शिकावं लागतं आणि ते जास्त अवघड. घाई करू नका. दार लावा, पडदा ओढा, जेवढा भाग पुसताय तेवढाच उघडा ठेवा, पुसताना बोलत राहा. दर दोन तासांनी कूस बदलून द्या, नाहीतर पाठीला जखमा होतात. सुनेने करायचं की लेकीने की मुलाने यावर घरात भांडण होतं, मुलाने करायला काहीच हरकत नाही, माझ्या भावाला पण शेवटी जमलं.

राहिलेली बोलणी

माणूस शुद्धीत आहे, दुखणं आटोक्यात आहे, असे दोन-तीन चांगले दिवस मिळतात. ते दिवस भेटायला येणाऱ्यांच्या चहापाण्यात घालवू नका. एकेकाने आत जायचं, दार लोटायचं, आणि बोलायचं. मला माफ कर. मी तुला माफ केलं. तुझे उपकार आहेत. माझं प्रेम आहे. आपल्याकडे हे शेवटचं वाक्य तोंडातून निघत नाही, मग आम्ही आपले "जेवलीस का" यावरच भागवतो, तेही चालतं, समोरच्याला कळतं. आमच्या घरात जमिनीवरून आई आणि मावशी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. मावशीला मीच फोन केला. ती आली, दोघी काही माफीबिफी बोलल्या नाहीत, मावशीने तिच्या केसांना तेल लावलं आणि वेणी घातली, तासभर. झालं.

कागदपत्रं पण याच दिवसांत. ख्रिस्ती लोकांना १९२५ चा इंडियन सक्सेशन अॅक्ट लागतो. मृत्युपत्र नसेल तर साधारण हिशोब असा की नवरा किंवा बायको मागे असेल तर त्यांना एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश, मुलगा-मुलगी सारखेच. वेगळं काही हवं असेल तर मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. दुसरं, व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, छातीवर दाबून परत आणायचं का, हे माणसानेच आधी लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. हे म्हणजे इच्छामरण नाही, जीव घेणं वेगळं आणि निघालेल्या माणसाची वाट न अडवणं वेगळं. आईने तर एका वहीच्या पानावर लिहून ठेवलं होतं, "मला शेवटी ग्लुकोज लावू नका, हात सुजतात."

तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून काय निघालं सांगू, पांढरी सुती साडी इस्त्री करून, दफनविधीला कुठली गायनं घ्यायची त्यांचे नंबर, आणि एका पाकिटात पैसे, वर लिहिलेलं "कबर खोदणाऱ्यांसाठी, चहा वेगळा". ट्रंक उघडून रडलो पण आणि हसलो पण.

पाळक किंवा फादरना कधी बोलवायचं

लवकर. शेवटच्या तासाला नाही. आमच्यात प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीने घ्यायची भाकर आणि प्याला, घरी आणून देतात, आणि गिळता येत असताना ते घेण्यात जो आनंद असतो तो नंतर नाही. आईला शेवटी भाकरीचा तुकडा जाईना तर पाळकसाहेबांनी अगदी तांदळाएवढा कण प्याल्यात भिजवून जिभेवर ठेवला. कॅथलिक घरांत फादरना बोलवायला लोक घाबरतात, फादर आले म्हणजे पेशंट गेलाच असं पेशंटलाच वाटेल म्हणून. खरं तर तेल लावण्याचा तो संस्कार आजाऱ्यांसाठी आहे, गंभीर आजारात कधीही आणि परत परतही घेता येतो. शेवटचं जे असतं ते कम्युनियन, म्हणजे त्यांचं प्रभुभोजन, त्याचं लॅटिन नाव आहे व्हियाटिकम, म्हणजे सरळ आपल्या भाषेत वाटेची शिदोरी. प्रवासाला निघालेल्याला आपण रिकाम्या हाताने पाठवतो का, तसंच.

शेवटचे दिवस, शेवटची रात्र

नर्सच्या मुलीला जेवढं कळलं तेवढं सांगते, कारण माहीत नसलं की धावपळ होते आणि माणूस अॅम्ब्युलन्समध्ये जातो.

खाणं बंद होतं. भरवू नका. "दोन घास तरी" हे आपलं प्रेम असतं, पण शरीर आवरतं घ्यायला लागलेलं असतं, घशात अडकतं, ठसका लागतो. कापसाने ओठ आणि जीभ ओली करत राहा, ओठांना थोडं व्हॅसलिन. झोप वाढते. हातपाय गार पडतात, गुडघ्या-पावलांवर निळसर डाग दिसतात. श्वास थांबत थांबत येतो, आता संपला असं वाटतं आणि परत एक मोठा श्वास. घशात घरघर होते, ऐकणाऱ्याला ती फार लागते, पण बहुतेक वेळा त्या माणसाला तिचा त्रास होत नसतो, एका कुशीवर वळवलं की कमी होते. काहींना मेलेली माणसं दिसतात, त्यांच्याशी बोलतात. आईने माझ्या आजीला हाक मारली होती. भूतबाधा वगैरे काही नसतं, बाहेरून कुणी आणू नका, हात धरून "कोण आलंय?" विचारा.

कानाला बहुतेक शेवटपर्यंत ऐकू येतं असं डॉक्टर-नर्स सांगतात. त्यामुळे खोलीत जमिनीचं, खर्चाचं, कोण कधी पोचणार याचं बोलायचं नाही. आणि जायला परवानगी द्या. तोंडाने. "आई, तू जा, आम्ही एकमेकांना सांभाळू." हे म्हणायला मला चार दिवस लागले. म्हटलं तेव्हा तिने काही उत्तर दिलं नाही, द्यायच्या अवस्थेत नव्हती. पहाटे चारच्या सुमाराला भाऊ स्तोत्र २३ म्हणत होता, तो पण चौथ्या वचनाला अडखळला, रडायला लागला, तर मामांनी पुढचं उचललं, मग मी. तीन जणांनी मिळून ते वचन पूर्ण केलं. मधे कधीतरी श्वास थांबला होता, नक्की कुठल्या शब्दाला ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही.

रडा. "ख्रिस्ती माणसाने रडू नये, साक्ष जाते" असं म्हणणारे पण भेटतील. पौल म्हणतो ज्यांना आशा नाही अशांसारखा खेद करू नका, खेदच करू नका असं तो म्हणत नाही. लाजराला आपण पाच मिनिटांत उठवणार आहोत हे माहीत असून येशू रडला. मार्था आणि मरीया दोघींनी त्याला तोंडावर सुनावलं, तुम्ही इथे असता तर आमचा भाऊ मेला नसता, आणि तो त्यांच्यावर चिडला नाही.

गेल्यानंतर लगेच

डोळे दान करायचे असतील तर सहा तासांच्या आत, आधीच आयबँकेचा नंबर लिहून ठेवा. पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. कॅन्सर असला तरी बऱ्याचदा चालतं, ब्लड कॅन्सरसारख्या काही आजारांत घेत नाहीत, ते त्यांनाच विचारा. आमच्या एका काकांचा प्रश्न होता, पुनरुत्थानाच्या दिवशी डोळ्यांशिवाय कसं. त्यांना मामा म्हणाले, ज्वारीचा दाणा पेरल्यावर वर येतो तो दाणा असतो की ताट? हे १ करिंथ १५ मधलंच आहे, पौलाने गव्हाचं उदाहरण दिलंय, नगरकडे ज्वारी. शरीर जाळलं तर काय हा पण प्रश्न येतो, कॅथलिक चर्चने १९६३ सालीच दहनाला मोकळीक दिलीय, त्यामुळे शहरात जागा नसेल तर त्याचं पाप लावून घेऊ नका.

डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या, २१ दिवसांत ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत नोंद करा. मंडळीच्या सेक्रेटरीला फोन, म्हणजे कबर, पेटी, उपासनेची वेळ तो बघतो. तुम्ही फक्त माणसाजवळ बसा. पाच वर्षांच्या भाच्याने विचारलं आजी पेटीत श्वास कसा घेणार. त्याला "आजी झोपलीय" सांगू नका, मुलं मग झोपायला घाबरतात. आम्ही सांगितलं आजीचं शरीर थांबलंय, तिला आता श्वास लागत नाही, दुखत पण नाही, ती येशूजवळ आहे, आणि हो, आपल्याला तिची फार आठवण येणार आहे. त्याने पेटीत स्वतःची एक गोटी ठेवली.

पुढच्या महिन्यांचं काय. पहिले आठ दिवस घर भरलेलं असतं, शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणली होती तीन दिवस, आमच्यात सुतक नसतं हे माहीत असून. पण खरा धक्का महिन्याने बसतो. त्या वेळी जा. सांत्वनाला जाताना वचन न्यायलाच पाहिजे असं नाही, डबा न्या, लाईटबिल भरून द्या. "देवाची इच्छा" हे वाक्य तर अजिबात नको, ते ज्याचं माणूस गेलं त्यानेच म्हणायचं असतं, बायबलमधल्या सगळं गमावलेल्या ईयोबासारखं, दुसऱ्याने नाही. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले तोपर्यंत चांगले होते.

श्रद्धा असली की दुःख लवकर ओसरतं असं पण नाही. पंडिता रमाबाईंचं बघा. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा कॉलऱ्याने, हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधी. मग विश्वासात आल्यावर, केडगावचं मुक्ती मिशन उभं केल्यावर, १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई स्वतः १९२२ च्या ५ एप्रिलला गेल्या, म्हणजे मुलीनंतर नऊ महिनेसुद्धा पूर्ण नाहीत. त्या काळात त्या आपल्या मराठी बायबलच्या भाषांतराचं काम करत होत्या. मला कायम वाटतं की त्यांनी ती दरीतली ओळ कुठल्या मनाने तपासली असेल.

ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे कबरस्थानात उपासना असते, अंधार असतानाच लोक मेणबत्त्या घेऊन जातात. ज्यांचं माणूस त्या वर्षी गेलंय त्यांनी जरूर जा, घरी बसलात तर दिवस जड जातो. कबरीवरचं गवत आदल्या आठवड्यात काढून घ्या आणि चुना निदान दोन दिवस आधी लावा. आम्ही पहिल्या वर्षी शनिवारी संध्याकाळी लावला, पहाटे तो ओलाच होता, आणि उपासना संपल्यावर उजेडात बघितलं तर मावशीच्या साडीला, भाच्याच्या पँटला, माझ्या दोन्ही हातांना चुनाच चुना.